इनासची गोगलगाय

मी चित्रकार होतो असं सांगितलं की लोक विचारतात, कसली चित्रं काढत होता? देवादिकांची की देखाव्यांची? मी सांगतो, झुरळाचं तोंड, खेकड्याचा पाय, बेडकाची आतडी. मग समोरचा माणूस चहाचा कप उचलतो आणि विषय बदलतो. घाटावरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा चित्रकार म्हणून मी केस पांढरे होईपर्यंत नोकरी केली. त्या काळी सायन्सला असलेल्या कित्येकांनी माझी चित्रं आपल्या वहीत उतरवून काढली असतील आणि मनातून मला शिव्याही घातल्या असतील. माझं नाव कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. प्राण्याच्या चित्राखाली प्राण्याचं नाव असतं, चित्रकाराचं नाही.

बेडूक आणि झुरळं सोडून मला आज सांगायचं आहे ते एका गोगलगायीबद्दल. करंगळीच्या नखाएवढी, समुद्रात राहणारी, पाठीवर शंख नसलेली. एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानच्या काही हिवाळ्यांत आमच्या विभागप्रमुख सबनीसबाई आणि मी तिच्यामागे मालवणला जात होतो.

आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्राणी टिकवायचा तर तो फॉर्मॅलिनमध्ये घालतात. खेकडा घातला तर तो खेकड्यासारखाच राहतो. पण ही गोगलगाय म्हणजे नुसतं मऊ अंग. फॉर्मॅलिनमध्ये पडली की आक्रसून तिचा वाटाणा होतो आणि रंग तर एक-दोन दिवसांत पार उतरतात. बाटलीत उरतो तो एक राखाडी गोळा. रंगीत फोटो तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हते, आणि एवढ्याशा वस्तूच्या जवळ जाणारा कॅमेराही नव्हता. तेव्हा ती जिवंत आहे तोवर तिचे रंग कागदावर उतरवायचे, हे माझं काम. चिनीमातीच्या बशीत समुद्राचं पाणी, त्यात ती. पाणी कोमट झालं की मरते, म्हणून सारखं बदलायचं. ती चालत असते. चित्रकारासाठी कुठलीही गोगलगाय थांबून राहत नाही. लोक म्हणतात, गोगलगाय हळू चालते. त्यांनी तिचं चित्र काढून बघावं.

चित्र झालं की बशीत जुलाबाचं मीठ टाकायचं. त्यानं तिला गुंगी येते, अंग सैल पडतं आणि मग ती फॉर्मॅलिनमध्ये आक्रसत नाही. हे मीठ आम्ही मालवणच्या बाजारातून इतकं नेत असू की दुकानदारानं एकदा मला बाजूला घेऊन, बाईंना एकदा मुंबईच्या चांगल्या डॉक्टरला दाखवा, असा सल्ला दिला होता.

सबनीसबाई तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या, अविवाहित. विलायतेला जाऊन डॉक्टरेट घेऊन आलेल्या. बोलणं कमी आणि जे बोलत ते सरळ. पहिल्या वर्षी मी गोगलगायीचं पहिलं चित्र काढून मोठ्या खुशीत त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भिंग घेऊन आधी बशीत पाहिलं, मग चित्रात.

"जाधव, हिचं डावं शिंग अर्धं तुटलेलं आहे. तुम्ही पुरं कुठून आणलंत?"

मी म्हटलं, दोन्ही सारखी असली की बरी दिसतात. त्यांनी चित्र परत दिलं. त्यानंतर मी आयुष्यात कुठल्याही प्राण्याला त्याच्याजवळ नसलेली गोष्ट दिली नाही.

ती दिसायची मात्र फार सुंदर. अंग पेजेसारखं पांढुरकं, आरपार दिसतंय असं वाटणारं. कडेनं हळदीची बारीक रेघ. पाठीवर कोकमाच्या रंगाचे ठिपके. डोक्याला दोन शिंगं. त्यांनी ती वास घेते, कारण तिच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार याखेरीज काही कळत नाही. पाठीच्या मागच्या टोकाला फुलासारखे कल्ले, धक्का लागला की आत ओढून घेते. अंड्यातून निघते तेव्हा तिला शंख असतो, तांदळाच्या कणीहूनही बारीक. काही दिवस त्या शंखासकट पाण्यात तरंगते, मग खडकाला टेकते आणि शंख टाकून देते. एका जातीचा जांभळट स्पंज खडकाच्या सावलीच्या बाजूला वाढतो; तोच तिचं घर आणि तोच तिचं खाणं. त्या स्पंजातलं कडू विष ती स्वतःच्या कातडीत साठवते. त्यामुळे मासा तिला तोंडात धरतो आणि थुंकून टाकतो. एक हिवाळा जगते, अंडी घालते आणि मरते. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे पुस्तकांत कुठे तिची नोंद नव्हती. ही जात नवी होती.

मालवणात आम्ही उतरायचो ते इनासच्या घरी. दांडीच्या किनाऱ्याच्या बाजूला माडांत त्याचं घर होतं. त्याची पडवी भाड्यानं घेऊन तिथं मी टेबल मांडत असे. इनास ख्रिस्ती, चाळिशीचा, अंगानं सुका पण पाण्यात माशासारखा. स्वतःची लहान होडी होती. मासेमारी करायचा आणि पाण्यात पडलेलं काही काढायचं असलं की लोक त्यालाच बोलवायचे, होडीचा हरवलेला नांगर, विहिरीत पडलेली घागर. त्याची बायको रोझी घर आणि सुक्या मासळीचा धंदा सांभाळायची. बाई डॉक्टर आहेत असं त्यानं गावभर सांगून ठेवल्यामुळे पहिल्या हिवाळ्यात रोज सकाळी पडवीत दोन-चार आजारी माणसं येऊन बसत. एका म्हाताऱ्यानं आपला सुजलेला पाय थेट माझ्या टेबलावर, रंगांच्या शेजारी ठेवला होता. बाई त्यांना समजावून सरकारी दवाखान्यात पाठवायच्या, आणि पायाला लावायचं औषध आपल्या पैशानं आणून द्यायच्या.

इनासला आमच्या गोगलगायीचं हसू यायचं. हिचं कालवण होत नाही, हिचा शंख विकला जात नाही, मग ही देवानं केली कशाला, असं तो बाईंना विचारायचा. मासा हिला थुंकतो म्हणजे किती कडू असते ते बघायला त्यानं एकदा एक उचलून जिभेवर ठेवली. दुपारपर्यंत नारळाच्या पाण्यानं चुळा भरत होता. पण दुसऱ्या वर्षापासून तो आपण होऊन ती शोधायला लागला. सापडली की पाण्यातूनच हात वर करून हाक मारायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात बाईंना एकच गोष्ट हवी होती, अंडी. अंड्यांच्या तुटक्या पट्ट्या खडकावर मिळत होत्या, पण त्या याच गोगलगायीच्या कशावरून? ती अंडी घालताना दिसली पाहिजे, तर जात पुरी नोंदवता येईल. किनाऱ्याजवळच्या खडकांवरचा जांभळा स्पंज त्या वर्षी पावसाळ्यातल्या लाटांनी खरवडून गेला होता. इनास म्हणाला, बाहेरच्या खडपाखाली, म्हणजे पाण्यातल्या खडकाखाली, कपारीत, तो स्पंज चादरीसारखा पसरलाय. पण तिथं मोठ्या सुकतीलाच जाता येतं. सुकती म्हणजे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप मागे हटतं, तेव्हाच.

नाताळनंतरच्या पौर्णिमेला आम्ही सकाळी होडी काढली. वारा नव्हता. वरून समुद्र तेलासारखा दिसत होता, पण तळातून लाट येत होती. ती खडपापाशी पोचली की पाणी एकदम चढायचं आणि एकदम खाली बसायचं. इनास थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दर्यो बरो नाय आज. पण अशी सुकती परत गावाची नाय." गावाची म्हणजे मिळायची.

बाई म्हणाल्या, मग राहू दे. त्या म्हणाल्या हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि पुढं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी ते सांगितलं. पण म्हणताना त्यांची नजर कपारीवर होती, हेही मी पाहिलं. इनासनंही पाहिलं असणार. त्यानं कमरेला जाळीची पिशवी बांधली, छातीवर क्रूस केला आणि पाण्यात उतरला.

दोनदा वर आला. दुसऱ्यांदा हसत आला. खाली खूप आहेत, म्हणाला, अंडी पण आहेत. आणखी एकदा गेला. त्याच वेळी लाट चढली, आणि बसली, आणि पुन्हा चढली. तो वर आला नाही.

मी कोल्हापूरचा, नदीत पोहणारा. वल्ही माझ्या हातात होती आणि होडी खडकावर आदळू नये म्हणून मी सगळा जोर लावून ती मागे रेटत होतो. बाईंनी पदर खोचला आणि उडी टाकली. त्या खाली जात होत्या, वर येत होत्या, परत खाली जात होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत खडकानं सोलून निघाले. मी ओरडत होतो. जाळी ओढणारी एक होडी लांब होती, ती आली. त्यातल्या दोघांनी इनासला काढलं. खांदा कपारीत अडकला होता आणि कपाळाला खोक होती. होडीत पालथा घालून त्यांनी त्याच्या अंगातलं पाणी काढलं, खूप वेळ खटपट केली. मग त्यातल्या म्हाताऱ्यानं डोक्यावरचं फडकं काढलं.

किनाऱ्यावर गर्दी झाली. पोलीस आले. इनासला सरकारी दवाखान्यात नेलं आणि बाई तशाच ओल्या साडीनं, रक्ताळलेल्या हातांनी बैलगाडीच्या मागून चालत गेल्या. कुणीतरी इनासच्या कमरेची पिशवी सोडून माझ्या हातात दिली. ती घेऊन मी घरी आलो. काही विचार न करता, नेहमीच्या सवयीनं, ती बशीतल्या समुद्राच्या पाण्यात रिकामी केली.

त्यात जांभळ्या स्पंजाचा मोठा तुकडा होता आणि त्यावर गोगलगायी होत्या. सगळ्या जिवंत. हळूहळू त्यांनी अंग पसरलं, शिंगं बाहेर काढली. त्यातली एक एका जागी गोल फिरत होती आणि तिच्या उजव्या बाजूनं केशरी-पांढरी पट्टी निघत होती. पट्टी कडेवर उभी राहत होती आणि चकलीसारखी गुंडाळली जात होती. त्या पट्टीत हजारो अंडी. बाईंना जे बघायचं होतं ते माझ्या पुढ्यात चाललं होतं आणि बाई दवाखान्याच्या आवारात पंचनाम्याला उभ्या होत्या.

दुपारी इनासला घरी आणलं. माजघरात बायकांचा आकांत चालला होता. बाई पडवीत आल्या. बशीकडे पाहिलं.

"जाधव," त्या म्हणाल्या, "रंग जातील."

एवढंच म्हणून त्या आत जाऊन रोझीजवळ जमिनीवर बसल्या.

मी ब्रश घेतला. आजवर मला अनेकांनी विचारलंय, तुझा हात चालला कसा? हात चालला. माझ्या सगळ्या चित्रांत ते सर्वांत अचूक चित्र आहे. आत तेर्स सुरू झाला होता. मेलेल्यासाठी ते मिळून म्हणतात ती प्रार्थना. एकजण पुढं म्हणायचा, बाकीचे मागून. त्या आवाजात मी हळदीची रेघ ओढली, कोकमाचे ठिपके दिले, पट्टीचे वेढे मोजून काढले. पाणी कोमट झालं, बदललं.

मध्येच मान वर केली तर दारात रोझी. किती वेळ उभी होती देव जाणे. मी उठायला लागलो. तिनं हातानंच बस म्हटलं. जवळ येऊन बशीत वाकून पाहिलं.

"हीच ती?"

मी मान हलवली.

"जिती आसत?"

"हो," मी म्हटलं.

ती सरळ झाली. मग आत गेली. संध्याकाळी इनासला पुरून आल्यावर बाईंनी बशीत मीठ टाकलं.

त्या उन्हाळ्यात बाईंनी जातीचं वर्णन लिहून पुरं केलं. नव्या जातीला नाव द्यायचा हक्क वर्णन करणाऱ्याचा असतो. ते लॅटिन वळणाचं करून द्यावं लागतं, आणि पुष्कळदा माणसाच्या नावावरून देतात. बाईंनी इनासचं नाव दिलं. पण छापायला पाठवायच्या आधी रोझीला विचारायला हवं म्हणून त्या मला घेऊन मालवणला आल्या.

रोझीला आधी ते कळेचना. मग कळलं तेव्हा तिचा चेहरा कठीण झाला. ज्या किड्यापायी माझा घोव गेला त्यालाच त्याचं नाव देता, असं ती म्हणाली नाही, पण तिच्या डोळ्यांत तेच होतं. तिनं सांगितलं, पाद्रीबाबांना विचारते. ख्रिस्ती माणसाचं नाव जनावराला दिलं तर पाप लागतं का, हे तिला माहीत करून घ्यायचं होतं. पाद्रीबाबांनी सांगितलं की देवानं सगळी जनावरं आदामापुढे आणून उभी केली आणि नावं ठेवायचं काम माणसावरच सोपवलं, तेव्हा यात पाप नाही. दुसऱ्या दिवशी ती बाईंपुढे येऊन बसली आणि तिनं एकच गोष्ट विचारली, हे नाव किती वर्षं राहील?

"कायमचं," बाई म्हणाल्या. "मी मेले, तू मेलीस, तरी जगात सगळीकडे हिला याच नावानं ओळखतील."

रोझी पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

मी त्या चित्राची दुसरी प्रत काढली, खाली सुबक अक्षरांत ते लॅटिन नाव लिहिलं आणि काच लावून रोझीला दिली. तिनं ती देव्हाऱ्याशेजारी, क्रूसाच्या बाजूच्या भिंतीवर लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते नाव बोट ठेवून दाखवायची. वाचता येत नव्हतं, पण त्यात इनासची अक्षरं कुठून सुरू होतात ते तिनं माझ्याकडून समजून घेतलं होतं. कुणाच्या तरी ओळखीनं तिला पाद्र्यांच्या शाळेत स्वैपाकाचं काम मिळालं. बरं चाललंय, असं मालवणकडचा कुणी भेटला की कळायचं.

मग काही वर्षांनी, साठ साल उलटून गेल्यावर, बाई कामासाठी कलकत्त्याला गेल्या होत्या. तिथल्या एका ग्रंथालयात जुने जर्मन ग्रंथ चाळताना त्यांना एक वर्णन सापडलं. तांबड्या समुद्रातून बाटलीत घालून पाठवलेल्या एका गोगलगायीचं, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं. वर्णन करणाऱ्यानं ती जिवंत पाहिलीच नव्हती. रंग, राखाडी, असं लिहिलं होतं. म्हणून तर आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण त्यानं तिच्या जिभेवरची दातांची पट्टी काढून तिचं रेखाचित्र दिलं होतं. रंग जातात, दात जात नाहीत. बाईंनी परत येऊन आमच्या बाटलीतली एक गोगलगाय कापली, जिभेची पट्टी भिंगाखाली धरली आणि मला बोलावलं. मी दोन्ही चित्रं पाहिली. एक दात इकडचा तिकडे नव्हता. ज्या रंगांसाठी मी एवढा जीव आटवला होता त्यांचा इथं काही उपयोग नव्हता.

नियम असा आहे की आधी दिलेलं नाव खरं. नंतरचं रद्द.

मी बाईंना म्हटलं, हे पुस्तक आणखी पन्नास वर्षं कुणी उघडणार नाही.

"मी उघडलंय ना," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच टिपण लिहून आपण दिलेलं नाव मागे घेतलं. ते छापून यायच्या आधी म्हणाल्या, रोझीला तोंडानं सांगितलं पाहिजे. आम्ही दोघं फोंडाघाटावरून एसटीनं उतरलो, मालवणला गेलो. आमचं ते शेवटचं जाणं.

रोझीनं हात पुसत आम्हाला बसायला दिलं. केस पांढरे झाले होते. बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. आधी सांगितलं. ही गोगलगाय नवी नव्हती, आधीच एकानं पाहून तिला नाव दिलेलं होतं, तेच आता चालेल, इनासचं राहणार नाही. माझ्या माहितीत बाई कधी इतक्या सावकाश बोलल्या नव्हत्या.

रोझी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तेव्हा तुमी म्हटलात, कायमचा."

"म्हटलं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. चूक माझी आहे."

रोझीनं भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. ती रागावेल, रडेल, आम्हाला घराबाहेर काढेल, याची मी तयारी केली होती.

"ज्येचा नाव आता रवतला," ती म्हणाली, "तो कसो मेलो?"

ज्याचं नाव आता राहणार तो कसा मेला, हा प्रश्न बाईंना कळला नाही. मला कळला. रोझीची समजूत होती की ही नावं बुडालेल्यांनाच देतात.

"दर्यात?" तिनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तो व्यापारी होता, परदेशातला. समुद्रातल्या वस्तू जमवायला त्यानं पैसे दिले होते, म्हणून त्याचं नाव दिलं. त्यानं ही गोगलगाय पाहिलीही नसेल. म्हातारा होऊन घरीच गेला असेल."

"मगे तेचा कित्याक?"

"त्याचं आधी दिलं गेलं, म्हणून."

रोझीनं मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी. मग ती उठली. स्टुलावर चढून तिनं भिंतीवरची तसबीर काढली, काच पदरानं पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"खालचा नाव काडा, पेंटरानू. खोटा आसा तर देवाच्या बाजूक नको."

माझ्या पिशवीत ब्लेड असायचं. मी चौकटीचे खिळे सोडवले, कागद बाहेर काढला आणि चित्राखालची अक्षरांची पट्टी कापली. कड सरळ आली. रंग तसेच होते. मी चांगले रंग वापरले होते. चित्र पुन्हा काचेखाली बसवलं. रोझीनं ते त्याच खिळ्यावर लावलं.

कापलेली पट्टी टेबलावर पडली होती. बाईंनी ती उचलायला हात पुढं केला. रोझीनं ती आधी उचलली, घडी करून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, आणि चुलीवरची पेज उतू जाते आहे म्हणून आत गेली.